बंदी घातलेल्या सरकारचा चौकशी आयोग : आयर्लंडचे १९१९ चे अहवाल कसे वाचावेत?

अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. १९१९ साली आयर्लंडच्या क्रांतिकारी संसदेने, म्हणजे डॉल एरनने, देशातील उद्योग आणि नैसर्गिक साधनसंपत्ती यांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला, असे त्याच्या वाचनात आले. ज्या सरकारकडे ना धड खजिना, ना पोलीस, ना उघडपणे बसायला कचेरी, त्याने केलेली चौकशी खरी मानायची की तो प्रचाराचाच एक भाग समजायचा, हा त्याचा पहिला प्रश्न. त्या अहवालांतून पुढे काही प्रत्यक्षात उतरले का, हा दुसरा. आणि भारताशी तुलना करणे योग्य आहे का, हा तिसरा.

मी तीसेक वर्षे आर्थिक इतिहास शिकवला, आणि त्या काळात माझा बराचसा वेळ निरनिराळ्या चौकशी आयोगांचे जाडजूड अहवाल वाचण्यात गेला. आयर्लंडकडे मी वळलो तो न्यायमूर्ती रानडे यांच्यामुळे. १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात फ्रीडरिख लिस्ट या जर्मन अर्थशास्त्रज्ञाचा आधार घेतला होता. मागासलेल्या देशाने आपले उद्योग उभे राहीपर्यंत त्यांना संरक्षण द्यावे, असे सांगणारा हा लेखक. त्यानंतर तेरा वर्षांनी, १९०५ मध्ये, डब्लिनमध्ये आर्थर ग्रिफिथ यांनी शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी चळवळीचे धोरण मांडताना त्याच लिस्टचा हवाला दिला. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना दोन माणसे एकाच पुस्तकाकडे का वळली, हे शोधता शोधता मी या आयोगापर्यंत पोहोचलो. त्यामुळे पुढचे विवेचन आयरिश इतिहासात जन्म घालवलेल्या माणसाचे नाही. अहवाल वाचण्याची सवय असलेल्या माणसाचे आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावे.

आधी प्रश्नच थोडा वळवून घेतो. ‘खरी चौकशी की प्रचार’ ही विभागणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण सरकारने नेमलेला कोणताही आयोग काही प्रमाणात दोन्ही असतो. इथला खरा पेच वेगळा आहे. राष्ट्रीय चळवळीचे एक गाऱ्हाणे असते : आमच्या देशात सगळे काही आहे, पण परकी राज्य ते वर येऊ देत नाही. चळवळ जोवर विरोधात असते तोवर हे गाऱ्हाणे तपासून पाहण्याची तिला गरज पडत नाही. मात्र ज्या दिवशी ती स्वतःला सरकार म्हणवून घेते, त्या दिवशी तिला विचारावे लागते की अमुक वस्तू आपल्याकडे नाही ती परक्यांनी दाबून ठेवली म्हणून नाही, की बाजार नाही म्हणून नाही, की मुळात जमिनीखालीच नाही म्हणून नाही. गाऱ्हाणे आणि भूगर्भ यांची फारकत करणे हे या आयोगाचे खरे काम होते, आणि त्याने ते कुठे केले, कुठे टाळले, हे पाहणे हीच ते अहवाल वाचण्याची माझी पद्धत आहे.

पार्श्वभूमी अगदी थोडक्यात सांगतो. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत शिन फेनच्या उमेदवारांनी ७३ जागा जिंकल्या. त्यांनी लंडनच्या संसदेत जाण्याचे नाकारले आणि २१ जानेवारी १९१९ रोजी डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये स्वतःची संसद भरवली. निवडून आलेल्यांपैकी बरेच जण त्या दिवशी तुरुंगात होते. त्याच बैठकीत जो ‘लोकशाही कार्यक्रम’ संमत झाला, त्याचा पहिला मसुदा मजूर चळवळीतील टॉमस जॉन्सन यांचा होता आणि त्यावर शॉन टी. ओकेली यांनी फेरफार केले होते. देशाची माती, खनिजे, पीट या जळणाची दलदल, मासेमारी, जलमार्ग आणि बंदरे यांचा विकास लोकांच्या हितासाठी करणे हे राष्ट्राचे कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये डॉलने चौकशीचा निर्णय घेतला. सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने डॉलवरच बंदी घातली. म्हणजे आयोग कामाला लागला तोवर त्याला नेमणारी संस्थाच बेकायदा ठरली होती.

आयोगाचे चिटणीस होते डॅरेल फिगिस. हे मूळचे साहित्यिक. १९१४ साली आयरिश स्वयंसेवक दलासाठी हाम्बुर्गहून बंदुका मिळवण्याच्या कामात ते होते, आणि पुढे स्वतंत्र राज्याची घटना लिहिण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. सहकाऱ्यांशी त्यांचे फारसे पटत नसे. १९२० मध्ये कॅरिक-ऑन-शॅनन येथे लष्कराच्या छाप्यात ते सापडले, तेव्हा एका अधिकाऱ्याने त्यांना तिथल्या तिथे फासावर लटकवण्याची तयारी चालवली होती. दुसरा अधिकारी मध्ये पडला म्हणून ते वाचले. गाईंच्या दुधाच्या आणि कोळशाच्या थरांच्या नोंदी ठेवणाऱ्या चिटणीसावर असा प्रसंग येणे हे मी वाचलेल्या आयोगांत तरी दुसरीकडे कुठे आढळले नाही.

आता चौकशीच्या अधिकारांविषयी, कारण अहवालाचा दर्जा बराचसा त्यांवरच अवलंबून असतो. सरकारी आयोग साक्षीदाराला समन्स पाठवू शकतो, खात्यांकडून आकडे मागवू शकतो, कारखानदाराला हिशेबाच्या वह्या दाखवायला लावू शकतो. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर सर टॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील भारतीय औद्योगिक आयोग १९१६ ते १९१८ या काळात देशभर फिरला, तेव्हा त्याच्यामागे संपूर्ण सरकारी यंत्रणा उभी होती. डब्लिनच्या आयोगाकडे यातले काहीच नव्हते. साक्ष द्यायला येणारा माणूस आपल्या मर्जीने येई, आणि येताना थोडी जोखीम घेऊनच येई. १९२० च्या सुरुवातीला कॉर्कमध्ये पोलिसांनी ठरलेल्या जागी बैठक होऊ दिली नाही, तेव्हा जागा बदलून साक्षी घ्याव्या लागल्या. चौकशीचा विषय होता शेती आणि उद्योग, आणि तरीही तिला बंदुकीच्या जोरावर अडवले गेले; ही बातमी वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत गेली की आयोगाने एकही आकडा न छापता निम्मे राजकीय काम झालेले असे. म्हणून प्रचाराचा भाग नाकारण्याचे कारण नाही. फक्त तो प्रचार बंदी घालणाऱ्यांनी फुकटात करून दिला.

मात्र सक्तीचा अधिकार नसण्याचा परिणाम पुराव्यावर होतो. जो आपणहून येतो त्याला बहुधा काहीतरी सांगायचे असते : संरक्षक जकात हवी असलेला कारखानदार, आपल्या संशोधनाला पैसा मिळत नाही असे वाटणारा रसायनशास्त्रज्ञ, रेल्वेच्या भाड्याने गांजलेला खाणवाला. ज्याचे सध्याच्या व्यवस्थेत बरे चालले आहे तो येत नाही. उत्तरेतल्या बेलफास्टच्या जहाजबांधणी आणि लिनन कापडाच्या मोठ्या मालकांना, जे ब्रिटनशी असलेल्या संबंधांवरच जगत होते, अशा आयोगापुढे येण्यात काही स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. त्यामुळे आयोगाचे नाव संपूर्ण आयर्लंडचे असले, तरी बेटावरचा सर्वांत मोठा आधुनिक उद्योग ज्या कोपऱ्यात होता त्या कोपऱ्याशी त्याचे नाते कायम दूरचेच राहिले. हॉलंड आयोगाच्या अहवालात पंडित मदनमोहन मालवीयांची सविस्तर भिन्नमतपत्रिका त्याच ग्रंथात छापली आहे, आणि वाचकाला दोन्ही बाजू एकत्र मिळतात. आयरिश अहवाल वाचताना ही दुसरी बाजू वाचकाला स्वतःच्या मनात उभी करावी लागते. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगत असे की प्रत्येक साक्षीच्या शेजारी समासात एक ओळ लिहा : ‘हा आला, कोण आला नाही?’

यानंतर खुद्द विषयांकडे येऊ. १९२० ते १९२२ या काळात आयोगाने दूध, दुभत्या गाईंची पैदास, दुग्धव्यवसाय, कोळसा, पीट, जलशक्ती, औद्योगिक अल्कोहोल आणि समुद्रातील मासेमारी अशा विषयांवर अहवाल काढले. विद्यार्थ्याने बहुधा कोळशापासून सुरुवात केली असावी, कारण क्रांती आणि कोळसा यांची सांगड मनाला लवकर पटते. माझा सल्ला दुधापासून सुरुवात करण्याचा आहे, आणि आयोगानेही तीच केली होती.

दूधच का? आयर्लंड हा गवताळ कुरणांचा देश. लोणी आणि जिवंत जनावरे ब्रिटनला पाठवण्यावर त्याची शेती उभी होती. १८४१ साली या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती, आणि दुष्काळ व स्थलांतर यांमुळे १९११ पर्यंत ती ४४ लाखांच्या आत आली. माणसे कमी झाली तसतशी नांगरट कमी होऊन कुरणे वाढत गेली. अशा देशात शहरातल्या मुलाला हिवाळ्यात दूध मिळू नये, हे कोड्यासारखे वाटते. त्याचे उत्तर गाईच्या वर्षक्रमात आहे. गवत वसंतात वाढते, म्हणून शेतकरी गाय वसंतात व्यायेल अशी व्यवस्था करतो. तिचे भरपूर दूध उन्हाळ्यात क्रीमरीत, म्हणजे लोणी करण्याच्या कारखान्यात, जाते आणि हिवाळ्यात ती भाकड असते. हिवाळ्यात दूध हवे असेल तर गाय शरदात विणारी हवी आणि तिला गोठ्यात बांधून मुळे, धान्य आणि पेंड खायला घातली पाहिजे. म्हणजे जमीन नांगरली पाहिजे, मजूर लावला पाहिजे. डेन्मार्कने हे केले होते आणि ब्रिटनच्या बाजारात बारा महिने लोणी पुरवून आयरिश लोण्याला मागे टाकले होते.

याच्याखाली आणखी एक थर आहे. आयर्लंडमध्ये सर्वत्र आढळणारी शॉर्टहॉर्न गाय दुधासाठीही चाले आणि मांसासाठीही. वासरू विकून रोख पैसा मिळत असल्यामुळे वळू निवडताना शेतकऱ्याचा कल मांसल वासरे देणाऱ्या वळूकडे असे, आणि पिढ्यानपिढ्या असे झाले की कळपाचे दूध कमी होत जाते. एकेका शेतकऱ्याचा निर्णय त्याच्या दृष्टीने शहाणपणाचाच असतो. सगळ्यांचे निर्णय एकत्र आले की देशाचे नुकसान होते. म्हणूनच दुधाच्या अहवालानंतर शुद्ध दुधाळ जातींच्या पैदास केंद्रांवर वेगळा अहवाल आला. इथे पाहण्यासारखी गोष्ट अशी की सगळा दोष लंडनवर टाकता येईल असा हा विषयच नव्हता. जनावरांच्या निर्यातीला ब्रिटिश बाजारपेठेने आकार दिला हे खरे, पण गाय केव्हा व्यावी, वळू कोणता घ्यावा आणि दुधाची नोंदवही ठेवावी की नाही हे आयरिश शेतकरी ठरवत होता. जो आयोग आपल्याच मतदाराला त्याच्या गोठ्यातली चूक दाखवू शकतो, त्याला निव्वळ प्रचारक म्हणणे मला जड जाते.

कोळशाची गोष्ट उलट आहे. उद्योग हवा तर कोळसा हवा, आणि आयर्लंडला लागणारा बहुतेक कोळसा ब्रिटनमधून येई. किलकेनीतले कासलकोमर, रॉसकॉमन आणि लीट्रिमच्या सीमेवरचे अरिग्ना, टिपेररीतले स्लीव्हर्डा, टिरोनमधले कोलआयलंड अशा ठिकाणी खाणी होत्या, पण त्यांचे उत्पादन आयातीपुढे किरकोळ होते. सर रॉबर्ट केन यांनी १८४४ मध्ये आयर्लंडच्या औद्योगिक साधनांवर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून राष्ट्रीय विचारांच्या पिढ्या असे मानत आल्या की साधने आहेत, ती मुद्दाम वापरली गेली नाहीत. भूगर्भशास्त्र मात्र काहीसे निराळे सांगते. ज्या युगात कोळशाचे थर तयार झाले त्या युगाचे खडक आयर्लंडमध्ये भरपूर आहेत, पण कोळसा असलेले वरचे थर बहुतेक ठिकाणी झिजून गेले आणि खालचा चुनखडक उघडा पडला. जे शिल्लक राहिले ते तुटक, पातळ थरांचे छोटे तुकडे. खाण किती जुनी आहे यापेक्षा थर किती जाड आहे आणि त्यात पाणी किती झिरपते, यावर खाणीचा धंदा ठरतो.

आयोगाने आयर्लंडच्या कोळसाक्षेत्रांवर मोठा ग्रंथ काढला. तो वाचताना एकच पथ्य पाळावे : जिथे ‘साठा’ हा शब्द येईल तिथे थांबून विचारावे की हा जमिनीखाली असलेला साठा आहे, तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगा आहे, की आजच्या भावात परवडेल असा आहे. या तीन आकड्यांत दहापटीचाही फरक पडू शकतो, आणि घाईने लिहिणारा लेखक पहिला आकडा देऊन तिसऱ्याचा भास निर्माण करतो. आपल्याकडच्या खनिजांविषयीच्या उत्साही लेखांतही हा घोटाळा मी पुष्कळदा पाहिला आहे.

शिवाय गाऱ्हाण्याच्या सरळ रेषेत न बसणारी एक गोष्ट आहे. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई झाली, तेव्हा आयरिश खाणींना मुख्य रेल्वेमार्गाशी जोडणारे फाटे ब्रिटिश सरकारनेच बांधायला घेतले : वुल्फहिलचा फाटा १९१८ मध्ये, कासलकोमरचा १९१९ मध्ये आणि अरिग्नाचा १९२० मध्ये सुरू झाला. म्हणजे साम्राज्याने खाणींकडे दुर्लक्ष केले हे गाऱ्हाणे बऱ्याच काळापुरते खरे होते, आणि नेमका आयोग बसला तेव्हा ते अंशतः जुने झाले होते. फाटे आले, वाहतूक सुधारली, आणि तरीही आयर्लंड कोळशाचा निर्यातदार झाला नाही. कासलकोमरची खाण १९६९ मध्ये आणि अरिग्नाची १९९० मध्ये बंद पडली. स्वतंत्र सरकार असूनही भूगर्भ बदलला नाही.

पीटचे तसे नव्हते. पीट भरपूर होते, अडचण पाण्याची होती. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साठलेला वनस्पतींचा थर. तो वाळवून जाळतात. बेटाचा सुमारे सहावा हिस्सा अशा दलदलींनी व्यापलेला होता, आणि १८०९ ते १८१४ या काळात सरकारी आयुक्तांनी त्यांचे नकाशेही केले होते, त्यामुळे ‘किती आहे’ हा प्रश्न नव्हता. दलदलीतल्या पीटमध्ये दहातले नऊ भाग पाणी असते, हा प्रश्न होता. साधा हिशेब करून पाहा. हवेवर वाळवलेल्या एक टन इंधनात तीस टक्के ओल धरली तर त्यात सातशे किलो घन पदार्थ असतो. तेवढा घन पदार्थ मिळवायला सात टन ओले पीट कापावे लागते आणि त्यातले सहा टन पाणी घालवावे लागते. भट्टीत वाळवावे तर मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा भाग वाळवण्यातच खर्च होतो. उन्हावाऱ्यावर वाळवावे तर आयर्लंडचा उन्हाळा आडवा येतो. हे कोडे आयोगाच्या आधीच्या ब्रिटिश समितीपुढेही होते, आणि ते सोडवायला यंत्रे, निचऱ्याचे चर आणि सरकारी चिकाटी अशा तिन्ही गोष्टी लागल्या. १९३४ मध्ये त्यासाठी मंडळ निघाले, १९४६ मध्ये बोर्ड ना मोना हे सरकारी महामंडळ स्थापन झाले, आणि १९५० मध्ये पोर्टार्लिंग्टनला पीटवर चालणारे पहिले वीजकेंद्र उभे राहिले. म्हणजे अहवालापासून पहिल्या दिव्यापर्यंत सुमारे तीस वर्षे गेली.

जलशक्तीवर जरा अधिक बोलायला हवे, कारण ‘अहवालांतून पुढे काय झाले’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून सगळे जण शॅनन नदीकडे बोट दाखवतात. शॅनन ही बेटावरची सर्वांत लांब नदी, पण तिचा बहुतेक प्रवास सपाटीवरून सरोवरांतून होतो. किलालू ते लिमरिक या शेवटच्या टप्प्यात मात्र ती सुमारे तीस मीटर खाली उतरते. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी तीस मीटरवरून पडले तर सिद्धांताप्रमाणे २९४ किलोवॉट शक्ती मिळते. प्रत्यक्षात त्याहून कमी. कागदावर नदीची शक्ती काढणे इतके सोपे आहे, आणि म्हणूनच जुन्या अंदाजांपासून सावध राहावे लागते : लेखकाने वर्षाचा सरासरी प्रवाह धरला आहे की कोरड्या महिन्यातला किमान प्रवाह, आणि पाणी साठवण्याची सोय गृहीत धरली आहे की नाही, यावर अंदाज दुप्पट-तिप्पट बदलतो. मराठी वाचकाला तुलनेसाठी खोपोली आठवावे. तिथे टाटांच्या वीजकेंद्रात १९१५ पासून सह्याद्रीच्या कड्यावरून पाचशे मीटरहून अधिक उंचीचे पाणी येते, त्यामुळे थोड्या पाण्यात पुष्कळ वीज होते. शॅननवर उलट : उंची थोडी, पाणी प्रचंड. म्हणून शॅननवरच्या आर्डनाक्रशा येथील जलविद्युत केंद्रासाठी १२.६ किलोमीटरचा रुंद कालवा खणावा लागला.

आता कार्यकारणाचा मुद्दा. आयोगाचा जलशक्तीवरचा अहवाल १९२२ चा आहे. आर्डनाक्रशाची योजना टॉमस मॅकलॉक्लिन या तरुण अभियंत्याने बर्लिनला झीमेन्स कंपनीत असताना आकाराला आणली. चार युरोपीय तज्ज्ञांनी ती तपासली. १९२५ मध्ये करार झाला आणि २२ जुलै १९२९ रोजी सरकारप्रमुख डब्ल्यू. टी. कॉसग्रेव्ह यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. मधल्या काळात डब्लिनला वीज पुरवण्यासाठी लिफी नदीच वापरावी असे म्हणणारेही होते. तेव्हा ‘आयोगाने शॅनन योजना दिली’ असे लिहू नये. आयोगाआधी केन होते, आयोगाच्याच काळात सर जॉन पर्सर ग्रिफिथ यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश उपसमितीही आयरिश नद्यांचा अभ्यास करत होती. या उपसमितीचे काम आणि आयोगाचा अहवाल शेजारी ठेवून वाचावा, हा माझा आग्रह आहे. एकाच नदीकडे राज्यकर्ते आणि बंडखोर एकाच वेळी पाहत असतील आणि त्यांचे आकडे जुळत असतील, तर त्या आकड्यांवर विश्वास वाढतो. जुळत नसतील, तर फरक कुठल्या गृहीतकातून आला ते शोधता येते. आयोगाचे श्रेय एवढेच, आणि ते लहान नाही, की नदीची शक्ती ही खासगी कंपनीच्या सवलतीची बाब नसून राष्ट्राच्या मालकीची गोष्ट आहे, हा विचार नव्या राज्याच्या हाती येण्यापूर्वीच रुळलेला होता. १९२७ मध्ये वीजपुरवठ्यासाठी स्वतंत्र सरकारी मंडळ निघाले, तेव्हा ते कुणाला फारसे आश्चर्याचे वाटले नाही.

औद्योगिक अल्कोहोलविषयी दोनच वाक्ये पुरतील. बटाट्यापासून मद्यार्क काढून तो इंधनात मिसळण्याची कल्पना त्या काळी अनेक देशांत होती, आणि १९३० च्या दशकात आयरिश सरकारने त्यासाठी कारखाने काढलेही. त्यामागे स्वस्त इंधनापेक्षा मागास भागातल्या बटाटे पिकवणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळवून देण्याचा हेतू अधिक होता.

इथपर्यंत जे सांगितले त्यातले बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य केले पाहिजे. आयोगाला अर्ध्या आयुष्यात ब्रिटनविरुद्धचे युद्ध पाहावे लागले. डिसेंबर १९२१ मध्ये तह झाला, जून १९२२ मध्ये यादवी सुरू झाली, ऑगस्टमध्ये ग्रिफिथ गेले. ज्या चळवळीचा आयोग माहिती गोळा करत होता, त्याच चळवळीच्या सैन्याने मे १९२१ मध्ये डब्लिनचे कस्टम हाउस जाळले आणि स्थानिक कारभाराची दप्तरे भस्मसात झाली. ३० जून १९२२ रोजी डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीतील अभिलेखागारही उद्ध्वस्त झाले. शिवाय १९२० च्या कायद्याने बेटाची फाळणी झाली होती. संपूर्ण आयर्लंडसाठी केलेली कोष्टके आता २६ परगण्यांच्या राज्याच्या हातात आली : कोलआयलंडचा कोळसा पलीकडे, बेलफास्टच्या गोद्या पलीकडे, आणि इकडे मुख्यतः शेती. नव्या सरकारने १९२३ मध्ये जकातीच्या प्रश्नावर जी समिती नेमली तिचा कल मुक्त व्यापाराकडे होता, आणि कृषिमंत्री पॅट्रिक होगन यांचा भर निर्यातक्षम शेती सुधारण्यावर राहिला. लिस्टच्या वाटेने जाण्याचे काम डी व्हॅलेरा यांच्या सरकारने १९३२ नंतर हाती घेतले. म्हणजे आयोगाच्या शिफारशी सत्तेवर आलेल्यांनी जशाच्या तशा उचलल्या असे झाले नाही; दुधाच्या शुद्धतेविषयी आणि क्रीमरींविषयी १९२४ पासून झालेले कायदे त्याच्या सर्वांत जवळ जातात, आणि त्यांची आठवण सर्वांत कमी काढली जाते.

विद्यार्थ्याने शेवटी विचारले होते की भारताशी तुलना करणे योग्य आहे का. आहे, पण हॉलंड आयोगाशी नव्हे. तो राज्यकर्त्यांचा आयोग होता. जवळची तुलना १९३८ च्या राष्ट्रीय नियोजन समितीशी होईल. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना ती नेमली गेली, जवाहरलाल नेहरू तिचे अध्यक्ष होते आणि मुंबईचे प्राध्यापक के. टी. शाह चिटणीस. सत्ता हाती येण्याआधी चळवळीने स्वतःच देशाचा हिशेब मांडायचा, हे दोन्हींत समान आहे. फरक असा की त्या वेळी मुंबईसह अनेक प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे होती, त्यामुळे समितीला खात्यांकडून माहिती मिळण्याची वाट उघडी होती. फिगिस यांना मात्र एखाद्या परगण्याच्या दुधाचा आकडा मिळवण्यासाठी माणसांच्या चांगुलपणावर विसंबावे लागे. आयर्लंडवरील करांच्या अन्यायाचा मुद्दाही तुलनेत घ्यावा. १८९६ च्या ब्रिटिश शाही आयोगाने मान्य केले होते की आयर्लंडची करक्षमता ब्रिटनच्या सुमारे विसाव्या भागाएवढी असताना त्याच्याकडून अकराव्या भागाएवढा कर घेतला जातो. त्याच दशकात दादाभाई नौरोजी भारताच्या खर्चाविषयीच्या शाही आयोगावर बसून संपत्तीच्या निःसारणाचा प्रश्न मांडत होते. या दोन आयोगांचे कागद एकत्र ठेवून केलेला शोधनिबंध मी मराठीत अजून वाचलेला नाही.

वाचनाच्या क्रमाविषयी : आधी १९२० चा दुधाचा अहवाल, मग जलशक्तीचा, आणि कोळशाचा ग्रंथ सर्वांत शेवटी. डॉलच्या चर्चा आणि क्रांतिकाळातील लोकांनी १९४७ ते १९५७ या काळात दिलेल्या १,७७३ साक्षी आज घरबसल्या वाचता येतात. त्यांत आयोगाचा उल्लेख तुरळकच सापडेल, कारण चकमकींच्या आठवणी सांगणाऱ्याला गाईंचा हिशेब सहसा आठवत नाही. आणि १९२२ च्या घटनेतले अकरावे कलम न विसरता पाहावे. जमीन, पाणी, खाणी आणि खनिजे यांवरील राज्याचा हक्क विकता येणार नाही, भाडेपट्ट्याने द्यायचा झाला तरी तो ९९ वर्षांपेक्षा अधिक मुदतीचा असणार नाही, असे त्यात म्हटले आहे. ती घटना लिहिणाऱ्या समितीचे उपाध्यक्ष फिगिस होते.